मुरड, मुरडा आणि मुरडशेंग

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता लोहारा येते. औद्योगिक वसाहत आली, वस्ती वाढली आणि हे गाव आता शहराला जोडल्यासारखे झाले आहे. पण यवतमाळच्या डोंगराळ मुलखाची मूळ खूण अजून पुसलेली नाही. साग, धावडा, साळई, तेंदू, मोह आणि पळस यांचे पानगळीचे रान या जिल्ह्यात जागोजाग उभे आहे, आणि त्या रानातल्या मोठ्या झाडांच्या पायाशी एक झुडूप दाटीने वाढते. उंची साधारण पुरुषभर ते दोन पुरुष. पाने रुंद, खरखरीत, दातेरी कडांची. पावसाळ्यात त्यावर विटकरी-तांबूस फुले येतात आणि त्यांच्यातला मध प्यायला शिंजीर घिरट्या घालतात. तोवर या झुडपाकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. फळ धरले की मात्र ते शंभर झुडपांत ओळखू येते. ओले फडके दोन्ही हातांनी पिळावे तसे बोटभर लांबीचे, आट्यामागून आटा पडलेले हिरवे फळ. हिवाळ्यात ते वाळून काळपट-तपकिरी होते, टोकाकडून उकलते आणि आतले बारीक बी सांडते.

ही मुरडशेंग. कुणी मुरुडशेंग लिहितात, कुणी मुरडशिंग म्हणतात, वऱ्हाडी तोंडात ती मुरडसेंग होते. जंजिऱ्याजवळच्या मुरुड गावाशी तिचा काही संबंध नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ही शेंग बाळगुटीच्या डबीत असते आणि त्यांतल्या बहुतेकांनी तिचे झुडूप कधी पाहिलेले नसते. याच झुडपाला मराठीत आणखी एक, पार वेगळे नाव आहे. एका झुडपाला दोन नावे का पडली आणि ती कुणी पाडली, हे शोधत गेले की माणसे वनस्पतींना नावे कशी देतात याचा एक नियमच हाती लागतो.

आधी मुरडशेंग या नावाकडे पाहू. त्याचा पहिला भाग उघड आहे. मुरडणे म्हणजे वळवणे, पीळ देणे. पाय मुरडतो, नाक मुरडले जाते, करंजीच्या कडेला मुरड घालतात. मुरड म्हणजे मागे वळणे असाही अर्थ आहे. म्हणून गौरींच्या, विदर्भात म्हणायचे तर महालक्ष्म्यांच्या, निरोपाच्या नैवेद्याला मुरडीचे कानोले करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पाहुणी पुन्हा मागे वळून यावी, हा त्यामागचा भाव. पोटात पीळ पडल्यासारखी कळ येते तिला मुरडा म्हणतात, आणि आव पडून पोट दुखते त्या आजारालाही मुरडाच म्हणतात. म्हणजे या एका धातूत फळाचा आकारही आहे आणि आजारही आहे. या फळाचा मुख्य उपयोग पोटातल्या मुरड्यावरच होतो. मग नाव आकारावरून पडले की आजारावरून?

उत्तरासाठी इतर भाषांकडे वळावे लागते. हिंदीत या फळाला मरोडफली म्हणतात, आणि हिंदीतही मरोड म्हणजे पीळ आणि पोटातली कळ दोन्ही. गुजरातीत ती मरडाशिंगी. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा तेलंगणाला भिडते. तिथल्या तेलुगूत हिचे एक नाव नुलितड आहे. नुलि म्हणजे पीळ, आणि पोटात मुरडा येतो त्याला नुलिनोप्पि म्हणतात. पार थायलंडमध्ये हे झुडूप ‘पो बिट’ आहे. थाई भाषेत बिट म्हणजे पिळणे, आणि रक्ती आवेच्या आजारालाही बिट हाच शब्द. मराठी आणि थाई यांचे भाषाकुळ एक नाही, तेलुगूचे कुळ तिसरेच. तरीही तिन्हीकडे पिळाचा शब्द आणि पोटदुखीचा शब्द एक झाला, आणि तिन्हीकडे तो याच झुडपाला चिकटला.

पण ही एकच बाजू झाली. कानडीत हिला एडमुरि म्हणतात, म्हणजे डावीकडे मुरडलेली. मलयाळममध्ये इडंपिरि-वलंपिरि, म्हणजे डावा पीळ-उजवा पीळ. तमिळमध्ये वलंपुरि, म्हणजे उजवीकडे वळलेली, आणि उजव्या शंखालाही तोच शब्द. छत्तीसगडकडे ऐंठी म्हणतात, आणि तिथे पिळाच्या कड्यालाही, म्हणजे हातातल्या दागिन्यालाही, ऐंठीच म्हणतात. संस्कृतातली आवर्तनी म्हणजे आवर्त, भोवरे पडलेली. इंग्रजांनी आट्यांवरून तिला स्क्रूचे झाड म्हटले. या नावांत पोटदुखीचा मागमूस नाही. आकार मात्र वर दिलेल्या प्रत्येक नावात आहे, अपवाद एकही नाही. म्हणून मला निर्णय असा द्यावासा वाटतो की नाव पडले ते आकारावरून. आजाराचा अर्थ त्यात नंतर मिसळला, आणि ज्या भाषांत पीळ व पोटदुखी यांना एकच शब्द आधीपासून होता तिथे तो घट्ट बसला. पण एकदा बसल्यावर त्यानेच नाव टिकवले. अक्षरओळख नसलेल्या आजीला हे कशावरचे औषध आहे हे वेगळे सांगावे लागत नव्हते. नावच सांगत होते.

नावाचा दुसरा भाग, शेंग, वरवर साधा दिसतो, पण तोही तपासण्याजोगा आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही शेंगच नाही. तूर, वाल, हरभरा यांची शेंग एका कप्प्याची असते आणि दोन शिवणींवर उकलते. मुरडशेंगेत पाच वेगवेगळ्या फळपेट्या एकमेकींभोवती पीळ घेऊन उभ्या असतात. पाच धाग्यांचा गोफ सोडवावा तसे ते वाळलेले फळ हलक्या हाताने उलटे पिळून पाहिले की पाचही सुट्या दिसू लागतात. ही पाचाची खूण तिच्या कुळाची आहे. भेंडी आडवी चिरली की पाच कप्पे दिसतात. पूर्वी मुरडशेंगेला स्टर्क्युलिएसी या वेगळ्या कुळात घालत. गेल्या काही दशकांतल्या जनुकीय अभ्यासानंतर ते कुळ मालव्हेसी, म्हणजे जास्वंद-भेंडीच्या कुळात सामील झाले. याच कुळात अंबाडी आहे, आणि याच कुळात कापूस आहे. कापसावर जगणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात रानात उभी असलेली मुरडशेंग ही शेतातल्या पऱ्हाटीची भाऊबंद आहे.

शेंगेऐवजी शिंग म्हणणाऱ्यांचीही एक परंपरा आहे. गुजराती मरडाशिंगी त्याच वाटेची. संस्कृतात हिला मृगशृंगही म्हटले आहे. काळविटाचे पिळदार शिंग ज्याने पाहिले असेल त्याला हे नाव का सुचले ते सांगावे लागत नाही, आणि यवतमाळच्या माळरानाला काळवीट नवखा नाही. विदर्भाच्या रानात मेडशिंगी नावाचे झाड आहे, तिच्या लांब वाकड्या शेंगांवरून. बाळगुटीत मुरडशेंगेच्या शेजारी काकडशिंगी असते. तीही शिंग नाही आणि शेंगही नाही. हिमालयातल्या एका झाडाच्या पानांवर किडीमुळे येणारी ती पोकळ गाठ आहे. लांब, पोकळ, वाकडे असे जे जे दिसले त्याला आपल्या लोकांनी शिंग किंवा शेंग म्हटले आणि दोन्ही शब्दांत फार अंतर ठेवले नाही. मराठीत अखेर शेंग जिंकली, कारण ती खलबत्त्याशेजारच्या डबीत राहिली आणि स्वयंपाकघराचा शब्द तिला लागला.

शास्त्रीय नावाची गोष्ट यापेक्षा रंजक आहे, आणि तिच्यात आपल्या लिपीचा एक मोठा क्षण दडलेला आहे. या झुडपाचे शास्त्रीय नाव हेलिक्टेरस इसोरा. ते 1753 मध्ये कार्ल लिनियसने ‘स्पेसीज प्लँटारम’ या ग्रंथात दिले. हेलिक्टेर हा ग्रीक शब्द, अर्थ पिळलेली वस्तू, आणि त्याच शब्दाने कानातले वळेही दाखवले जाई. छत्तीसगडच्या माणसाला या फळात दागिना दिसला आणि ग्रीक शब्दातही दागिना आहे. ‘इसोरा’ मात्र ग्रीकही नाही आणि लॅटिनही नाही. तो शब्द केरळातला आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला प्रमुख अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने कोचीला असताना तिथल्या वनस्पतींची माहिती गोळा करवली. तिचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा लॅटिन ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. 1686 च्या सहाव्या खंडात ‘इसोरा-मुरी’ या नावाने आपल्या मुरडशेंगेचे मोठे सुबक चित्र आहे. लिनियसने हे झुडूप भारतात येऊन पाहिले नव्हते. त्याने हे पुस्तक पाहिले आणि मलयाळी नावाचा अर्धा भाग उचलून जगाच्या शास्त्रात कायम केला.

ही माहिती ऱ्हीडला दिली कुणी? इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य, आणि त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांनी 20 एप्रिल 1675 रोजी आपण ही माहिती कशी गोळा केली याचे निवेदन कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिले. ते पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. नागरी अक्षरे छापील पुस्तकात उमटली त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते. ग्रंथातल्या चित्रांवरही रोमन, मलयाळी आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीत कोंकणी नावे आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या वैद्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. वनस्पतीचे चित्र कितीही हुबेहूब असले तरी तिला स्थानिक लोक काय म्हणतात ते सोबत लिहिले नाही तर ज्ञान अर्धे राहते. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवून या ग्रंथाचा इंग्रजी आणि मग मलयाळी अनुवाद केला, तेव्हा ही नावे आपल्या माणसांपर्यंत परत पोचली.

आता त्या दुसऱ्या मराठी नावाकडे. सह्याद्रीच्या पट्ट्यात याच झुडपाला केवण म्हणतात. या नावात पीळ नाही, शेंग नाही, पोट नाही. कारण ते नाव घेणाऱ्यांची नजर फळाकडे नव्हतीच, सालीकडे होती. केवणीच्या सालीत चिवट वाख असतो. घाईच्या कामाला ओली साल ओरबाडून तिच्याच पट्टीने लाकडाची मोळी बांधता येते. नीट दोर करायचा तर फांद्या तोडून साल सोलतात, ती पाण्यात भिजत घालतात, कुजल्यावर झोडपून धुतात, आणि उरलेल्या धाग्यांना पीळ देऊन दोर वळतात. गुरांची दावी, कासरे, छपराच्या बांधण्या, बाज विणायची दोरी यांसाठी अशा रानातल्या वाखांचा वापर देशभर होता. जॉर्ज वॉट यांनी 1889 पासून छापायला घेतलेल्या भारतातल्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात या झुडपाच्या धाग्याची दखल घेतली आहे. थाई नावातला ‘पो’ हाही वाखाच्या झाडांना लागणारा शब्द आहे. म्हणजे थाई माणसाने एकाच नावात साल आणि फळ दोन्ही बांधले. मराठीने दोन नावे केली आणि ती दोन हातांत दिली.

इथेच नियम हाती येतो. साल सोलणारा केवण म्हणतो, शेंग उगाळणारा मुरडशेंग म्हणतो. एका झुडपाची ही दोन नावे एकमेकांची भाषांतरे नाहीत. ती दोन कामांची नावे आहेत. जो भाग हातात येतो, त्यावरून नाव पडते. आणि जो भाग प्रवास करतो, त्याचेच नाव दूर जाते. केवणीचा दोर गावातल्या गावात वापरला गेला, म्हणून केवण हे नाव डोंगरापुरते राहिले. वाळलेली शेंग हलकी, टिकाऊ, पोत्यात भरून काष्ठौषधीच्या दुकानात जाणारी, म्हणून मुरडशेंग हे नाव पुण्या-मुंबईपर्यंत पोचले. इंडोनेशियातल्या जामू या पारंपरिक औषधांतही हेच फळ वापरतात. झुडूप रानातच राहिले आणि फळ समुद्रापार गेले.

महाराष्ट्रात ते जिथे सर्वांत खोल गेले ती जागा म्हणजे बाळगुटी. हिरडा, बेहडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, मायफळ, जायफळ, अतिविष, सागरगोटा, काकडशिंगी, जेष्ठमध, खारीक, बदाम आणि मुरडशेंग. घराघरांत यादी थोडी बदलते, पण मुरडशेंग बहुतेक यादीत असतेच. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात ही द्रव्ये एकेक करून उगाळायची. इथे माप तोळ्यामाशात नसते, वळशांत असते. बाळ लहान असेल तर एक वळसा, मोठे होईल तसा दुसरा. मुरडलेल्या शेंगेचे माप सहाणेवरच्या वळशांनी घ्यायचे आणि ते पोटातल्या मुरड्याला द्यायचे, इतकी एकसंध कल्पना औषधशास्त्रात क्वचित सापडते.

आकारावरून औषध ठरवण्याची समजूत जगभर होती. सोळाव्या शतकातल्या युरोपात पॅरासेल्ससच्या विचारातून ती पुढे शास्त्रासारखी मांडली गेली. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, असा तिचा तर्क. तसा तर्क सिद्धता ठरत नाही, आणि मुरडशेंगेच्या बाबतीतही आकारामुळे ती गुणकारी आहे असे म्हणता येणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या वापर टिकतो तेव्हा आकारापलीकडे काही असण्याची शक्यता असते. 2001 मध्ये ‘फायटोथेरपी रिसर्च’ या नियतकालिकात या फळाच्या अर्कामुळे आतड्याचे आकुंचन सैल पडते असे दाखवणारा प्रयोगशाळेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्याला पीळ पडल्यासारखे वाटते ते याच आकुंचनामुळे. प्रयोगशाळेतला अर्क वेगळा आणि तान्ह्या बाळाच्या जिभेवरची गुटी वेगळी, हे मात्र विसरू नये. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. अस्वच्छ सहाण, बुरशी आलेली जुनी शेंग यांतून बाळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. परंपरेवर माझे प्रेम आहे, पण बाळाचे पोट दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे असेच मी सांगेन.

म्हणून मला चिंता गुटीच्या प्रथेपेक्षा नावांची अधिक वाटते. नाव कामाला धरून जगते, हे वर पाहिले. काम संपले की नावाचा आधार जातो. नायलॉनचा दोर आला आणि केवण हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरला. आज डोंगरातल्या कित्येक तरुणांना ते झुडूप रोज दिसते, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. तयार गुटीच्या बाटल्या आल्या आणि मुरडशेंग ओळखणारी बोटे कमी होत चालली. झुडूप जंगलात उभेच राहील. त्याच्याविषयी माणसांनी जमवलेले ज्ञान मात्र ज्या शब्दात साठवले होते तो शब्द गेला की तेही जाईल.

यवतमाळ जिल्ह्यात ही नावे नोंदण्याचे काम जास्त तातडीचे आहे. या जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड, परधान आणि आंध आहेत, गोरमाटी बोलणारे बंजारा आहेत, आणि वऱ्हाडी बोलणारी गावे तर सर्वत्र आहेत. कोलामी आणि गोंडी या तेलुगू-कानडीप्रमाणेच द्राविडी कुळातल्या भाषा. जंगलाशी सर्वांत जुने आणि सर्वांत जवळचे नाते ज्यांचे आहे त्यांच्या बोलीत या झुडपाला काय म्हणतात, ते नाव सालीवरून आहे, शेंगेवरून आहे की फुलावरून, हे गावोगाव नोंदले गेले तर मुरडशेंगेच्या कुळकथेला आणखी जुनी पाने जोडली जातील.

नोंद कुठे करायची याचे उत्तर कायद्यातच आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालयही विदर्भातच, नागपूरला आहे. नोंदवहीत शास्त्रीय नाव आणि एक प्रमाण मराठी नाव लिहून रकाना पुरा होतो, पण काम पुरे होत नाही. कोणत्या बोलीत काय म्हणतात, कोणता भाग वापरतात, कशासाठी वापरतात आणि कुणी सांगितले, हे चारही लिहायला हवे. लोहाऱ्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या वरच्या वर्गातली मुले एका हिवाळ्यात हे काम करू शकतील. शेंग वाळलेली असते, झुडूप ओळखायला सोपे असते, आणि आजी-आजोबांना त्या दिवसांत उन्हात बसून बोलायला सवड असते. शिक्षकांनी मुलांना ही एक शेंग हातात देऊन घरी पाठवावे आणि तिचे नाव विचारून यायला सांगावे. येत्या हिवाळ्यातच हे सुरू करा. नाव सांगणारी माणसे आज आहेत.